घरात असलेल्या वस्तू

हैदराबाद,
६ ऑक्टोबर १९९६

ति. भिवाजीमामा,
सविनय जय भीम.

काम लागले. आई शेजारी पेढे वाटायला निघाली होती. मी थांबवले, कारण काम कायमचे नाही, सहा महिन्यांचे आहे. पण सरकारी आहे. गळ्यात ओळखपत्र आहे आणि त्यावर माझे नाव जोडाक्षरासह बरोबर लिहिलेले आहे.

काम असे. आमच्याकडे गरिबांना रेशनचे पांढरे कार्ड मिळते. त्यावर दोन रुपये किलोने तांदूळ मिळायचा, तो आता साडेतीन रुपये झाला. तरीही सरकारला झेपत नाही, असे आमचे साहेब म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर खडूने लिहून दाखवले की आम्हाला दिलेल्या वॉर्डात कुटुंबे किती आणि कार्डे किती. कार्डे जास्त होती. म्हणून आम्ही घरोघर जायचे, फॉर्म भरायचा, आणि ज्याला गरज नाही त्याचे कार्ड रद्द होईल.

निवडीला बारावी झालेली मुले होती. मी नववी पास, दहावीला गणितात गेलेला. पण साहेबांनी सगळ्यांना एक फॉर्म भरायला दिला आणि माझा उचलला. बाबा गेल्यावर दोन वर्षे नारायणगुड्याच्या पेंटरकडे पाट्या रंगवल्या, तिथे तेलुगू अक्षर बसले ते कामी आले.

फॉर्ममध्ये सगळ्यात मोठा रकाना 'घरात असलेल्या वस्तू' असा आहे. टीव्ही, कपाट, गॅस, स्कूटर. नियम असा की दिसेल त्याबद्दल विचारायचे, घरचे सांगतील ते लिहायचे, खाली सही किंवा अंगठा घ्यायचा. मी आलो की गल्लीत आधी पोरे ओरडत जातात आणि टीव्ही गोधडीखाली जातात. एका घरी गोधडीवर आजीला बसवले होते. आजी आतून बोलायला लागली. म्हणजे टीव्ही चालूच होता.

मला दिलेल्या वॉर्डात हिम्मतराव म्हणून आहेत. तीन मजली इमारत, खाली भांड्यांचे दुकान, आणि पांढरी कार्डे चार. त्यातली दोन मेलेल्या भाडेकरूंच्या नावावर. त्यांनी मला खुर्ची दिली, मी उभाच राहिलो. ते हसून म्हणाले, "तांदूळ सरकारचा, कार्ड सरकारचं. तुझं काय जातं बाबा त्यात?" मी चारही लिहिली.

पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच घराबद्दल. नामपल्ली स्टेशनमागच्या गल्लीत मंगलाबाई राहतात. आपल्याकडच्याच, मूळच्या गंगाखेडच्या. नवरा वारला, म्हातारी सासू, एक मुलगी आणि शाळेत जाणारे दोन मुलगे. बाई एका हॉस्टेलात भाकऱ्या करतात. मी गेलो तेव्हा घरी पाहुणे बसलेले होते. सगळीकडे लोक टीव्ही लपवतात, इथे तो समोर, रंगीत, वर विणलेला रुमाल. शेजारी आरशाचे लोखंडी कपाट. मी विचारले, टीव्ही तुमचाच का? बाईंनी एकदा पाहुण्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आमचाच." कपाट? "आमचंच." मिळकत विचारली तर म्हणाल्या, "दोन-अडीच हजाराला मरण नाही." कार्ड जाईल हे माहीत असून, चार माणसांसमोर. त्यांच्या मुलीने, त्रिवेणीने, मला पोहे दिले. मी कामावर कुठेच खात नाही, पण तिथे खाल्ले. बाईंनी सगळ्यांसमोर सही केली. खरे बोलायला धीर लागतो.

आतापर्यंतच्या दीडशे घरांत असे एकच भेटले. तुम्ही मला लहानपणी पाटीवर मस्टर आखून दाखवायचा आणि म्हणायचा की त्यात आहे ते लिहायचे, नाही ते नाही. ते मी रोज आठवतो.

आईचा गुडघा दुखतो, पण जामबागच्या शाळेत झाडायला जाते.

तुमचा,
अनिरुद्ध


परभणी,
२४ ऑक्टोबर १९९६

चि. अनिरुद्ध,

तुझे पत्र विजयादशमीच्या दिवशी मिळाले. वंदना झाल्यावर चार जणांना वाचून दाखवले. केसरचा पोरगा सरकारी कामाला लागला, एवढ्याने माझी छाती भरली.

तू करतोस ते काम देशाचे आहे, कमी समजू नकोस. बहात्तरच्या दुष्काळात सरकारने आम्हाला दिले ते कामाच्या बदल्यात दिले. खडी फोड आणि पैसे घे. उन्हात हाताला फोड यायचे, पण घेताना मान खाली नव्हती. मुलांना सुकडी मिळायची ती रांगेत उभे राहून. आता मात्र घरबसल्या तांदूळ. एकदा दिले की काढून घ्यायची कोणाची हिंमत नाही, म्हणून वाढतच जाते. परदेशातून कर्ज घेऊन भात शिजवायचा असेल तर किती दिवस शिजणार? तुमचे हिम्मतराव त्यातूनच निपजतात.

मी सरकारी कामांवर एकोणीस वर्षे हजेरीचे मस्टर लिहिले. त्यात एक नाव जास्त नाही, एक कमी नाही. साहेब अचानक यायचे, मोजायचे, आणि माझी वही मिटून परत द्यायचे.

त्या मंगलाबाईला माझा जय भीम सांग. अशी दहा माणसे एका गल्लीत निघाली तर सरकारला तुझ्यासारख्यांची गरज पडणार नाही.

कायम व्हायची काही वाट असेल तर साहेबांच्या नजरेत राहा. केसरला गुडघ्याला एरंडाचे पान गरम करून बांधायला सांग.

तुझा मामा,
भिवाजी


हैदराबाद,
२२ डिसेंबर १९९६

ति. मामा,

पत्राला उशीर झाला. लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

आधी चांगले सांगतो. साहेबांनी माझे फॉर्म सगळ्यांसमोर धरून दाखवले. चारशे बारा फॉर्म आणि एकही खाडाखोड नाही. ऑफिसात कॉम्प्युटर येणार आहेत, त्यावर सगळी कार्डे चढवायची आहेत. त्यासाठी आमच्यातले दोघे कायम ठेवणार. साहेब म्हणाले, एक नाव तर ठरलेलेच आहे, आणि माझ्याकडे पाहिले.

आता दुसरे. रद्द झालेल्या कार्डांची यादी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रेशन दुकानाच्या दारावर लागली. नंतर चार दिवसांनी मंगलाबाई आणि त्रिवेणी ऑफिसच्या व्हरांड्यात मला शोधत आल्या. मला वाटले ओळख ठेवून आल्या. मी तुमचा जय भीम सांगितला.

मंगलाबाई जवळ आल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुझ्या घरात लग्नाची पोरगी नाही का रे बापू?"

मी नाही म्हणालो.

"म्हणून. पोरीला बघायला आले होते ते, नांदेडचे. टीव्ही कोपऱ्यावरच्या मास्तरणीचा. कपाट पलीकडच्यांचं. चादर माझ्या हॉस्टेलातली. अन् पाव्हण्यांच्या तोंडावर तू विचारायलास, टीव्ही तुमचाच का. म्या काय म्हणू?"

मी म्हणालो की मला बाजूला बोलावून सांगायला हवे होते.

त्रिवेणी म्हणाली, "तुम्ही पोहे संपवले, सही घेतली अन् चप्पल घातली. आई मागं धावली तर तुम्ही पुढच्या घरात उभे. तिथं नवऱ्या मुलाची आत्या राहते." मग म्हणाली, "पोहे लिहिले का फॉर्मात? शेंगदाणे पण उसनेच होते."

मामा, त्या गल्लीत ही रीत आहे. एकच रंगीत टीव्ही आहे, मास्तरणीबाईंचा. ज्या घरी मुलगी बघायला येतात त्या घरी तो सकाळी जातो आणि संध्याकाळी परत येतो. आतापर्यंत तीन मुलींची लग्ने त्याच टीव्हीवर जमली. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. फक्त ही आत्या नवीन राहायला आलेली, तिला माहीत नाही. स्थळ तिनेच आणले आहे.

मी त्यांना अर्ज करायला सांगितले. अर्जाची पद्धत मला पाठ आहे. रेशन दुकानासमोर वॉर्डाची सभा भरते, अर्ज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात, वस्तू ज्याची असेल त्याने तिथे उभे राहून सांगायचे. म्हणजे मास्तरणीबाईंनी उठून म्हणायचे की टीव्ही माझा, एका दिवसापुरता दिला होता. आत्या त्याच दुकानाच्या कार्डावर आहे, ती सभेत असणारच. साखरपुडा झालेला आहे, लग्न एप्रिलात. अर्जाची शेवटची तारीख ३१ जानेवारी.

मंगलाबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे तांदूळ पाहिजे तर पोरीचं लग्न मोडायचं." मी म्हणालो, नियम तसा नाही. त्या म्हणाल्या, "नियमाचं नाही विचारलं मी."

त्यांना हॉस्टेलात सहाशे मिळतात. बाजारातला तांदूळ घेऊन पाच माणसे चालत नाहीत. सासू आता दुपारी भूक नाही म्हणते. हे मला त्रिवेणीने सांगितले, रागाने नाही, फॉर्म भरताना सांगतात तसे.

मी फॉर्म परत वाचला. त्यात चूक नाही. त्यांनी सांगितले तेच लिहिले आहे, खाली त्यांची सही आहे. तरी तो खोटा आहे. असे कसे होते? मी काय करावे ते कळवा. तुम्ही सांगाल ते करीन.

आईला यातले काही सांगितलेले नाही.

अनिरुद्ध


परभणी,
२ जानेवारी १९९७

चि. अनिरुद्ध,

तुझे पत्र दोनदा वाचले. तू कुठे चुकलास ते मला सापडले नाही.

खोटे ती बोलली. सही तिने केली. ज्या दिवशी लग्नासाठी श्रीमंत व्हायचे त्याच दिवशी रेशनसाठी गरीब, दोन्ही एका तोंडाने कसे जमेल? मला त्या माउलीची दया येते. पण दया येते म्हणून वही बदलायला लागलो तर प्रत्येकाचेच काही ना काही असते. हिम्मतरावही काही सांगेलच. त्याच्या मेलेल्या भाडेकरूंच्या बायका असतील. तू कोणाकोणाचे ऐकणार?

तिला दोन वाटा आहेत. सभेत खरे सांगावे, किंवा एप्रिलपर्यंत कळ काढून नंतर नवे कार्ड मागावे. निवड तिची आहे. तू मध्ये पडू नकोस. तुझी सहा महिन्यांची नोकरी आता कायम व्हायच्या बेताला आली आहे. केसरने नवरा गेल्यावर शाळा झाडून तुला वाढवले, ते या दिवसासाठी. मनात काही डळमळले तर मस्टरची वही आठव. मी तिथे कोणाला ओळखत नव्हतो. बहिणीलाही नाही.

व्हरांड्यात त्या मायलेकींशी बोलत उभा राहू नकोस. कोणी पाहिले तर वेगळा अर्थ लावतील.

मामा


हैदराबाद,
९ जानेवारी १९९७

ति. मामा,

तुमचे पत्र आईच्या हाती लागले. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचावे म्हणून बसून राहिली. मला सगळे वाचावे लागले, मंगलाबाईंचेही सांगावे लागले.

"बहिणीलाही नाही" या वाक्यावर आई हसली. बाबा गेल्यापासून ती इतकी हसली नव्हती. मग म्हणाली, लिही. ती म्हणाली ते जसेच्या तसे लिहितो.

"दादाला म्हणावं, खडीच्या कामावर तू एकवीस दिवस माझ्या नावापुढं हजेरी लावलीस. तवा मी कुठं होते ते बी पोराला कळव. बाजेवर होते. पोटातून नुकतंच हेच काढलं होतं."

एवढे सांगून ती तांदूळ निवडायला बसली. मी पुढे विचारले तर म्हणाली, तुझ्या मामाला विचार, वही त्याच्याकडे होती.

मामा, माझा जन्म त्र्याहत्तरच्या जानेवारीतला. हे खरे आहे का, एवढेच कळवा. शेवटची तारीख जवळ येते आहे.

अनिरुद्ध


परभणी,
२६ जानेवारी १९९७

अनिरुद्ध,

दोन पत्रे लिहून फाडली. हे तिसरे.

खरे आहे.

तू जन्मलास तेव्हा तुझा बाप हैदराबादेत काम शोधत फिरत होता, पत्ता नव्हता. केसर माझ्याकडे. घरात एक मूठ ज्वारी नव्हती. मी हजेरी घ्यायचो, पण माझा स्वतःचा पगार दोन महिने अडकला होता. मी तिचे नाव लिहिले. पहिल्या दिवशी वाटले, आजच्यापुरते. असे एकवीस दिवस झाले.

मी स्वतःला सांगायचो की सरकारचेच घेतो, सरकार मोठे आहे. ते तसे नव्हते. खडी मापून पैसे यायचे आणि टोळीत जेवढी नावे तेवढ्यांत वाटले जायचे. टोळीत चाळीस बायका. एकेचाळिसावे नाव मी घातले, म्हणजे त्या प्रत्येकीच्या हातात थोडे थोडे कमी पडले. तुझी आई जेवली ते सरकारचे नाही, त्यांचे जेवली.

त्यांना कळत होते. पगाराच्या दिवशी नावे वाचली, केसरचे नाव आले, मी पैसे बाजूला ठेवले. त्यांच्यातली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "केसरनं आज लईच खडी फोडली गं." सगळ्या हसल्या आणि आपापले घेऊन गेल्या. चाळिसांतल्या एकीनेही साहेबांना सांगितले नाही.

पुढे मी कडक झालो. लोक प्रामाणिक म्हणायला लागले, मीही म्हणू दिले. खरे म्हणजे मला त्या बायकांच्या तोंडाकडे बघवत नव्हते. पुढच्या वर्षी एक बाई आली, पाय भाजलेला, आठ दिवस येता येणार नाही, तेवढी हजेरी लाव म्हणाली. मी तिला नियम सांगितला. ती परत कामावर दिसली नाही. तिचे नाव मला आठवत नाही, आणि माझी वही बरोबर आहे.

तुला पाटीवर शिकवले ते मस्टर त्यानंतरचे आहे.

आता तू काय करावेस हे मी सांगणार नाही. मागे सांगितले ते धरू नकोस. धरलेस तरी मला बोलता येणार नाही.

भिवाजी


हैदराबाद,
१६ मार्च १९९७

ति. मामा,

तुमचे पत्र ३० तारखेला दुपारी मिळाले. ३१ ला मी ऑफिसात लेखी निवेदन दिले. त्यानंतर तुम्हाला लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे काय झाले ते कळायला इतके दिवस लागले.

निवेदन असे दिले की मी शेजारच्या घराची माहिती चुकून मंगलाबाईंच्या फॉर्ममध्ये भरली आणि बाईंनी विश्वासाने न वाचता सही केली. अशी चूक ऑफिसची धरतात, सभेत वाचावी लागत नाही. टीव्हीचा विषयच निघत नाही. ते लिहायला मला चार कागद लागले. मला खोटे लिहायची सवय नाही, म्हणून सारखे ते खऱ्यासारखे होत नव्हते.

साहेबांनी वाचले. रागावले नाहीत. त्यांना वाईट वाटले असावे. म्हणाले, "तू? दुसऱ्या कोणी लिहून दिलं असतं तर मी मानलं असतं." त्यांनी विचारले, कोणी दम दिला का, काही घेतलेस का. मी नाही म्हणालो. मग ते म्हणाले, "या एकात शेजारचं घर भरलंस. मग बाकीच्या चारशे अकरांत भरलं नाहीस कशावरून?"

याचे उत्तर माझ्याकडे होते, पण ते देता येत नव्हते.

मंगलाबाईंचे कार्ड फेब्रुवारीत परत मिळाले. माझे ओळखपत्र त्याच आठवड्यात जमा करून घेतले. कॉम्प्युटरवर दुसरे दोघे बसले आहेत.

इथपर्यंतचे मी धरलेले होते. पुढचे नव्हते. माझे निवेदन ऑफिसातून हिम्मतरावांपर्यंत दोन दिवसांत पोचले. त्यांनी वकिलाकडून अर्ज केला की सर्व्हे करणाराच स्वतः चुका कबूल करतो, तर त्याचा एकही फॉर्म धरू नये. साहेबांना ते मान्य करावे लागले. माझे सगळे फॉर्म रद्द. नवीन माणूस नेमला. तो घरोघर जात नाही, हिम्मतरावांच्या तळमजल्यावर टेबल टाकून बसतो आणि लोकांना तिथे बोलावतो. काय देऊन काय लिहून मिळते ते वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे. हिम्मतरावांची चारही कार्डे परत आली, मेलेल्या भाडेकरूंचीसुद्धा. मी त्र्याण्णव कार्डे रद्द केली होती, त्यातली नव्वद परत आली. उरलेल्या तिघांकडे टेबलावर ठेवायला काही नव्हते असे म्हणतात.

तुमच्या चाळीस बायकांचे मी खूप दिवस डोक्यात घोळवले. तुम्ही एक नाव वाढवलेत आणि चाळिसांनी ते वाटून घेतले. मी एक नाव वाढवले तर मागून हिम्मतराव आत आले. त्या तिघांची घरे मी आठवून काढली. एक मोहरमात शोकगीते म्हणणारा आंधळा म्हातारा आहे, एक कैकाडी बाई, एकीचे नाव आता आठवत नाही. त्यांच्या घरी मी काय पाहिले होते आणि त्यांनी काय सांगितले होते, ते मला बघायचे होते. पण फॉर्म आता माझ्याकडे नाहीत. मंगलाबाईंसारखी त्र्याण्णवांत आणखी किती होती? पूर्वी मला वाटायचे की माहीत आहे.

एकदा मी रेशन दुकानावरून जात होतो. रांगेत मंगलाबाई होत्या, मागे ती नांदेडवाल्यांची आत्या. मंगलाबाईंनी मला पाहिले. मला वाटले बघून न बघितल्यासारखे करतील. पण आत्या माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारायला लागली, तेव्हा बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "हाच तो आंधळा. दुसऱ्याच्या घरचं माझ्या नावावर लिहून बसला. लेकरं उपाशी ठेवली माझी." रांग माझ्याकडे बघायला लागली. एक जण म्हणाला, "मास्टर, चष्मा लगाओ." लोक हसले.

मी म्हणालो, "हौ, चुकलं माझं."

त्यांना ते बोलणे भाग होते, हे मला समजते. पण त्या बोलत होत्या तेव्हा त्यांचा आवाज खोटा वाटत नव्हता. निम्मा तरी खराच असणार. आत्या मात्र खूश होती. ती शेजारणीला म्हणाली की टीव्ही, कपाट सगळे असून बाईने कार्ड सोडवून आणले, विहीण हुशार मिळाली. लग्न चौदा एप्रिलनंतरच्या रविवारी आहे. आम्हाला बोलावलेले नाही, बोलावणे शक्यही नाही.

मी पुन्हा पेंटरकडे गेलो होतो. त्याच्याकडेही काम कमी आहे, आता पाट्या मशीनवर कापून प्लॅस्टिकच्या करतात. आठवड्यातून दोन दिवस ये म्हणाला.

आई मला दोष देत नाही. निवेदन दिले त्या दिवशी तिला सांगितले, तर तिने एवढेच विचारले की त्या पोरीचे लग्न राहिले ना. मी हो म्हणालो. मग तिने ताट वाढले.

आमच्या घरीही पांढरे कार्ड आहे. आम्ही राहतो त्या वॉर्डाचा सर्व्हे सगळ्यात शेवटी होता, तो दोन आठवड्यांपूर्वी झाला. आलेला माणूस मला ओळखत नव्हता. दारात उभा राहूनच विचारायला लागला. घरात टीव्ही नाही, कपाट नाही, ते त्याला दिसत होते. कोण कमावते विचारले. आई म्हणाली, "मीच. शाळा झाडते." मग त्याने माझ्याकडे पेन करून विचारले, हा काय करतो. घरात एक पक्का पगार असेल तर कार्ड जाते (आईचा रोजंदारीचा, तो धरत नाहीत), हा नियम मीच तीनशे घरांत समजावून सांगितला आहे. पण मला त्या क्षणी ते सुचले नाही. मी सांगायला लागलो की सहा महिने मी याच कामावर होतो, फॉर्म मीही भरले आहेत, आणि तुम्ही वयाचा रकाना सोडून पुढे गेलात.

आईने मध्येच म्हटले, "बसून असतो तो."

त्याने लिहिले. मला फॉर्म उलटा वाचता येतो. माझ्या नावापुढे त्याने 'बेकार' लिहिले. अक्षर गचाळ होते, रेघेच्या खाली उतरलेले. आईने अंगठा दिला आणि तो पुढच्या घरी गेला.

आईने विचारले, काय लिहिले. मी सांगितले.

"बरोबर लिहिलं ना?" तिने विचारले.

मी म्हणालो, बरोबर लिहिले.

कार्ड राहिले आहे.

अनिरुद्ध